मदत हवी आहे: गंगेचा गडू गळायला लागलाय, काय करू?

आजेसासूबाईंनी काशीहून आणलेला गंगेचा गडू आहे आमच्या देवघरात, तांब्याचा, डाख लावून बंद केलेला. काल देव घासताना बघितलं तर बुडाशी ओल आणि हिरवट डाग, हलवला तर जेमतेम अर्धा भरलेला वाटतो. सासूबाई म्हणतात मावंदं (काशीयात्रेनंतर गंगेची पूजा करून घालतात ते जेवण) घातल्याशिवाय फोडायचा नाही, नणंद म्हणते तुळशीत ओतून मोकळी हो. सिंकमध्ये तर मी ओतणार नाहीच, पण तांब्यात पाणी कळकलंय म्हणून ते तीर्थ म्हणून प्यायलाही नको वाटतं (घरात लहान मूल आहे). नाशिकला रामकुंडात सोडलं तर चालेल का? आणि रिकामा गडू पुण्यात तांबट आळीत कोणी परत डाख लावून देतं का? कोणी केलं असेल तर प्लीज सांगा.