शब्दचर्चा : ‘अनेक ओळखी’ असलेला माणूस

काकपद
एका प्रदर्शनाच्या फलकांचं मराठी करून देते आहे. विषय भारदस्त : संस्कृती, वारसा आणि माध्यमं यांतून आजच्या माणसाची ‘आयडेंटिटी’ कशी घडते. पहिल्या खर्ड्यात ‘संस्कृती, वारसा आणि माध्यमे माणसाच्या ओळखीला आकार देतात’ असं लिहिलं आणि पुढेही सगळीकडे ‘ओळख’च घालून मोकळी झाले. तिसऱ्या फलकावर वाक्य आलं, ‘आज प्रत्येक माणसाला अनेक ओळखी असतात.’ तपासणाऱ्या बाईंनी समासात लिहिलं, ‘भाग्यवान. कामं झटपट होत असतील.’

खरंच की. ‘ओळख’चं अनेकवचन केलं की मराठीत थेट वशिल्याचा वास येतो. मग ‘अस्मिता’ घालून पाहिलं. ‘प्रत्येकाच्या अनेक अस्मिता असतात’ म्हटलं तर बिचारा सकाळपासून रात्रीपर्यंत कुणाशी ना कुणाशी भांडतच असेल असं वाटतं. ‘आयडेंटिटी’ देवनागरीत तशीच ठेवता येईल, पण मग मला पैसे कशाचे देतायत? काय करावं?

पूर्णविराम
स्वत्व.

काकपद
त्याला अनेकवचनच नाही हो. ‘अनेक स्वत्वे’ कोण म्हणेल?

रफार
शिवाय स्वत्वाचा जुना अर्थ मालकी. धर्मशास्त्रात वारसाहक्काची चर्चा निघाली की ‘स्वत्व’ म्हणजे वस्तूवरचा हक्क. आज आपण ते जागवतो, गमावतो, विसरतो. नुसतं ‘असतं’ असं क्वचितच कुणी म्हणतं. हा शब्द आला की वाक्याचा आवाज चढतो, आणि तुमचा फलक भाषण ठोकायला लागेल.

अवग्रह
जरा मुळाकडून येऊ. ‘आयडेंटिटी’च्या तळाशी लॅटिन ‘इदेम’ आहे, म्हणजे ‘तोच’. काल जो होता तोच आज. गणिताच्या मराठी परिभाषेत म्हणूनच तिथे ओळखीचा संबंध येत नाही. डावी आणि उजवी बाजू कायम सारखी राहिली तर ती ‘नित्यसमानता’, आणि बेरजेत दुसऱ्या संख्येला जराही न बदलणारा शून्य हा ‘अविकारक’. तर्कात ‘तादात्म्य’ किंवा ‘अभेद’. माणसाच्या मनाबद्दल हा शब्द सर्रास वापरला जाऊ लागला तो विसाव्या शतकात, मुख्यतः एरिक एरिकसन या मानसशास्त्रज्ञामुळे. ‘आयडेंटिटी क्रायसिस’ हा शब्दप्रयोग त्यांनीच रूढ केला. (त्यांना आपले जन्मदाते वडील कोण हे कधी कळलं नाही, आणि १९३९मध्ये अमेरिकेचं नागरिकत्व घेताना ‘एरिकसन’ हे आडनाव त्यांनी स्वतःच घेतलं. शब्द त्यांच्याकडून यावा यात नवल नाही.)

आता ‘ओळख’. ओळखणे हे क्रियापद ‘लक्ष्’ धातूशी जोडतात. लक्षण, लक्ष, उपलक्षण ही सगळी त्याच घरातली. म्हणजे इथे कुणीतरी पाहणारा लागतो, खूण हेरणारा. आणि ‘अस्मिता’ तर उघड आहे : ‘अस्मि’, मी आहे. कर्ता मी, साक्षीदारही मी.

इंग्रजी शब्द म्हणतो ‘हा तोच आहे’, ओळख म्हणते ‘हा दिसला’, अस्मिता म्हणते ‘मी आहे’. तीन वेगळी वाक्यं. इंग्रजीत ती एका शब्दात कोंबली आहेत. आपल्याकडे नाहीत, हे मला उणं वाटत नाही.

रफार
‘तोच’ आणि ‘दिसला’ एकत्र आणणारा शब्द संस्कृतात आहे : प्रत्यभिज्ञा. त्याचं ठरलेलं उदाहरण ‘सोऽयं देवदत्तः’. तेव्हा पाहिलेला तो देवदत्त हाच. फलकावर मात्र नको. वाचणारा पुढच्या दालनात पळेल.

पूर्णविराम
देवदत्त बिचारा शतकानुशतकं ओळखपरेडीत उभा आहे.

वेलांटी
व्युत्पत्ती छान, पण शब्दाचा अर्थ मुळात कमी आणि शेजारात जास्त असतो. दोन्ही शब्दांसोबत कुठली क्रियापदं येतात ते पाहा.

ओळख होते, करून देतात, पटते, पटवतात, दाखवतात, लपवतात, ठेवतात, विसरतात, काढतात, वाढवतात. ‘मृतदेहाची ओळख पटली.’ ‘मोठा झाल्यावर त्याने ओळख दाखवली नाही.’ ‘मंचावर पाहुण्यांची ओळख करून दिली.’ प्रत्येक ठिकाणी किमान दोन माणसं आहेत. मृतदेहाच्या बाबतीतसुद्धा ओळख पटते ती जिवंतांना.

अस्मिता जपतात, फुलवतात, जागवतात. ती दुखावते, डिवचली जाते, पेटते. ‘माझी आणि त्याची अस्मिता झाली’ असं वाक्यच होत नाही. ओळख हा व्यवहार आहे आणि अस्मिता हा अवयव, त्यातही ठणकणारा.

त्यामुळेच ‘आयडेंटिटी कार्ड’चं ओळखपत्र झालं आणि ‘आयडेंटिटी पॉलिटिक्स’चं अस्मितेचं राजकारण. अस्मितापत्र कुणी खिशात ठेवत नाही आणि ‘ओळखीचं राजकारण’ म्हटलं तर लोक बदल्या-बढत्यांबद्दल बोलायला लागतील. म्हणजे भाषेने निवड आधीच केलेली आहे. काकपद, तुमच्या प्रत्येक फलकावर बोलतंय कोण ते बघा. दुसरा माझ्याकडे बघतोय का, की मी स्वतःबद्दल सांगतेय? शब्द त्यावरून ठरेल. सगळ्या फलकांवर एकच शब्द पाहिजे हा आग्रह सोडा.

काकपद
वेलांटीताई, हे पटलं. पण तुम्ही अस्मितेला फारच ठणकवलंत. तिचा काही शांत अर्थ नाही का?

रफार
शांत अर्थ शोधायला पतंजलीच्या योगसूत्रांकडे जाल तर तिथे ती थेट क्लेशांच्या, म्हणजे माणसाला दुःखात ठेवणाऱ्या दोषांच्या, यादीत भेटेल : अविद्या, अस्मिता, राग, द्वेष, अभिनिवेश. पाचांत दुसरी. व्याख्या तर आजच्या विषयाला विलक्षण लागू आहे. पाहणारा आणि पाहण्याचं साधन ही दोन जणू एकच आहेत असं वाटणं, ती अस्मिता. हातातल्या पडद्यावर दिसतं तेच आपण, असं समजणाऱ्याला हे सूत्र वाचून दाखवावं. (योगसूत्रांच्या पहिल्या पादात, म्हणजे भागात, समाधीच्या वर्णनातही हा शब्द आहे आणि तिथे तो क्लेश नाही. तेवढा शांतपणा आहे, पण तो फलकावर आणता येणार नाही.)

आजचा अभिमानाचा अर्थ अलीकडचा. गुजरातीत लेखक कन्हैयालाल मुनशींनी ‘गुजरातनी अस्मिता’ हा प्रयोग विसाव्या शतकात गाजवला. क्लेशाचं भूषण झालं. शब्दांचं असं होतं. ‘साहस’चा संस्कृतातला एक अर्थ जबरदस्तीचा गुन्हा आहे, आणि आपण साहसाबद्दल पुरस्कार देतो.

काकपद
धन्यवाद. ‘वारसा’ तरी निर्धोक आहे ना? की तिथेही सुरुंग?

रफार
सुरुंग नाही, पण एक मढं आहे. वारस हा अरबीतून आलेला शब्द. वारस, वारसदार, वारसाहक्क, बेवारस. सगळी कचेरीतली मंडळी. वारसा मिळायला कुणीतरी जावं लागतं. फ्रेंचांचा ‘पात्रिमुआन’ही तसाच, बापाकडून आलेली इस्टेट. युनेस्कोचा १९७२चा करार मराठीत ‘जागतिक वारसा’ म्हणूनच रुळला. स्मारकांना शब्द शोभतोही, बांधणारे गेले आणि दगड मागे राहिले.

हिंदीने मात्र ‘विश्व धरोहर’ केलं. धरोहर म्हणजे ठेव, कुणीतरी सांभाळायला दिलेली. आपल्याकडे त्याच अंगाचा ‘ठेवा’ आहे. दोन्हींत फरक मोठा. वारसा माझ्या नावावर होतो, मी तो विकून खाल्ला तरी कायदा फारसं काही म्हणत नाही. ठेव माझी नसतेच, मागितली की परत द्यायची असते. ‘आमचा वारसा’ म्हणताना छाती पुढे येते. ‘आमच्याकडचा ठेवा’ म्हणताना जरा जपून बोलावंसं वाटतं.

वेलांटी
आणि २००३च्या युनेस्को कराराचं काय? तिथे विषय आहे गाणी, कथा, हातातलं कसब, म्हणजे ‘अमूर्त वारसा’. इथे कुणी मेलेलं नाही. जिवंत गुरूकडून जिवंत शिष्याकडे जातं ते. त्यासाठी आपल्याकडे ‘परंपरा’ आहे, एकापुढे एक. त्या कराराच्या व्याख्येतच दोन गोष्टी शेजारी आहेत : लोक हा वारसा सतत नव्याने घडवत असतात, आणि त्यातून त्यांना आयडेंटिटी व सातत्याची जाणीव मिळते. नव्याने घडवायचं आणि तरी ‘तोच’ राहायचं! अवग्रहांचं ‘इदेम’ इथे बरोबर कात्रीत सापडतं.

अवग्रह
मी ते कात्रीत मानत नाही. वाहत्या नदीला आपण एकच नाव देतो. पण ‘अमूर्त वारसा’ हा शब्द मलाही टोचतो. गाणं अमूर्त कसं, ऐकू येतं की. हात लावता येत नाही म्हणून ‘अमूर्त’ म्हणायचं हा सरकारी आळस आहे. रूढ झालाय, आता इलाज नाही.

पूर्णविराम
संस्कृती राहिली.

अवग्रह
तिची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. शब्द जुना, ऐतरेय ब्राह्मण या वैदिक ग्रंथात ‘आत्मसंस्कृतिर्वाव शिल्पानि’ म्हटलंय, म्हणजे कलाकृती हे स्वतःला घडवणंच आहे. (काकपद, तुमच्या अख्ख्या प्रदर्शनाचं हे एका ओळीत उत्तर.) पण ‘कल्चर’ या आधुनिक अर्थाने? बंगालीत आधी त्यासाठी ‘कृष्टि’ वापरत. मुळाला धरून होता तो : लॅटिनमध्ये ‘कुल्तुरा’ म्हणजे शेतीची मशागत, आणि ‘कृष्’ म्हणजे नांगरणं. रवींद्रनाथ ठाकुरांना मात्र तो शब्द मुळीच रुचत नव्हता. भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चट्टोपाध्याय यांनी नोंदवलंय की १९२२मध्ये पॅरिसात एका मराठी मित्राकडून त्यांना ‘संस्कृती’ हा शब्द या अर्थाने मिळाला, आणि रवींद्रनाथांनी तो उचलून धरला.

म्हणजे बंगालला ‘संस्कृती’ मराठीतून गेली. आता यावर माझी अस्मिता जरा फुलली, हे कबूल करतो.

रफार
क्लेश होतोय का?

अवग्रह
सुखद आहे.

वेलांटी
हल्ली मात्र ‘संस्कृती’ प्रत्यय झालाय. फलक संस्कृती, टोळी संस्कृती, वापरा-आणि-फेका संस्कृती. जी गोष्ट आवडत नाही पण सगळे करतात, तिच्यामागे हा शब्द लागतो. आणि ‘आपली संस्कृती’ आली की ती नेहमी धोक्यातच असते. मधला, साधा वर्णनाचा अर्थ लोकांच्या तोंडी फार कमी. क्रोबर आणि क्लकहोन या मानववंशशास्त्रज्ञांनी १९५२मध्ये ‘कल्चर’च्या १६४ व्याख्या गोळा केल्या होत्या. आपण दोनच अर्थांवर भागवतो, एक शिवी आणि एक आरती.

काकपद
शेवटचं, ‘माध्यम’. यात तर काही नसावं.

अवग्रह
यातच सगळ्यात जास्त आहे. ‘मीडियम’ आणि ‘माध्यम’ दोन्हींच्या पोटात मध्य आहे आणि लॅटिन-संस्कृत दोन्ही शब्द सख्खे भाऊ आहेत. माध्यम म्हणजे मध्ये उभं असलेलं. मराठी माणसाला ‘तुझं माध्यम कुठलं?’ विचारलं तर तो वर्तमानपत्राचं नाव सांगत नाही, शाळेत कुठल्या भाषेत शिकला ते सांगतो. त्या एका उत्तरावरून समोरचा त्याच्याबद्दल काय काय ठरवतो हे इथल्या सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा ‘माध्यम ओळख घडवतं’ हे मराठीत फार जुनं आणि फार खरं वाक्य आहे, फक्त वेगळ्या अर्थाने.

बातम्यांच्या माध्यमांबद्दल राष्ट्रवादाचे अभ्यासक बेनेडिक्ट अँडरसन यांचं १९८३चं म्हणणं आहे की छापील वर्तमानपत्र वाचणाऱ्याला माहीत असतं, हेच पान याच वेळी हजारो अनोळखी लोक वाचतायत. ते त्याला कधी भेटणार नाहीत, तरी ‘आपण’ तयार होतो.

वेलांटी
म्हणजे ज्यांच्याशी ओळखदेख नाही त्यांच्यामुळे आपली ओळख. हे मराठीतच नीट सांगता येतं, बघा! आणि फोनवरच्या माध्यमांनी ते उलटं फिरवलं. छापील पान सगळ्यांना तेच होतं; फोनवर मी काल काय पाहिलं त्यावरून आज काय दिसायचं ते ठरतं. मध्ये उभं राहणारं आता आरसा धरून उभं आहे. ‘माध्यमे’ हे अनेकवचन मी तरी आग्रहाने वापरते, कारण ‘मीडिया’ एकवचनी झाला की तो एखादा दुष्ट काका वाटतो. ‘मीडियाने बिघडवलं.’ कुठल्या, कुणी, काय, हे विचारायचं राहून जातं.

रफार
आणि ‘आकार देतात’ काढा. ते इंग्रजीतून उचललेलं आहे. आकार मडक्याला देतात. माणूस घडतो. आपल्याकडे ‘जडणघडण’ आहे, सोनाराच्या दुकानातून आलेली : घडण म्हणजे धातू ठोकून वळवणं, जडण म्हणजे त्यात खडा बसवणं. काही आतून वळतं, काही बाहेरून बसवलं जातं. तुमचा विषय त्या एका शब्दात मावतो.

काकपद
करून पाहिलं. पहिला फलक : ‘आपण कोण, हे आपण एकटे ठरवत नाही. संस्कृती, मागून आलेला ठेवा आणि भोवतालची माध्यमे यांतून समकालीन माणसाची जडणघडण होते.’ तिसरा : ‘एकच माणूस घरी एक असतो, कामावर दुसरा आणि पडद्यावर तिसरा.’ ‘ओळखी’ गेल्या, ‘अस्मिता’ फक्त सातव्या फलकावर ठेवली, तिथे खरंच भांडण आहे.

पूर्णविराम
‘समकालीन माणसाची’ नको. कुणाशी समकालीन?

काकपद
‘आजच्या माणसाची.’ केलं.