३५ इंची टायर टाकले, आता डिफचा रेशो ४.५६ घेऊ की ४.८८?

चिखल्या: मंडळी मदत करा. कंपनीचे २९ इंची टायर काढून ३५ टाकले, दिसायला गाडी एक नंबर पण जीवच गेलाय तिचा. जरा चढ आला की पाचव्यातून चौथा, चौथ्यातून तिसरा, आणि उठताना पहिला गिअरसुद्धा दुसऱ्यासारखा वाटतो, क्लचचा वास येतो. डिफ (डिफरन्शियल, एक्सलमधले गिअर) ३.७३ चे आहेत, म्हणजे चाक एकदा फिरायला शाफ्ट ३.७३ वेळा फिरतो. पेट्रोल, मॅन्युअल. महिन्यातून दोनदा दगडधोंड्यात, बाकी सगळा हायवे.

लो_रेंज: जुना रेशो गुणिले नवा टायर भागिले जुना टायर. तुझं उत्तर ४.५०. आणि आत्ता तू खरं तर २९ वर ३.०९ टाकल्यासारखी चालवतोयस, रडणारच ती. ४.५६ घेतलास तर गाडी होती तिथे परत येईल, पण मोठा टायर नुसता उंच नसतो रे, जडही असतो, आणि गाडी वर उचलली की वारासुद्धा जास्त अडतो, म्हणून माझं मत ४.८८. ४.५६ टाकून वर्षभरात परत डिफ उघडणारे असतात, त्यातला एक मीच.

ग्रीसवाले_काका: हायवेची भीती असेल तर ऐक, टॉप गिअरचा रेशो ०.८ धरला तर १०० च्या स्पीडला ४.५६ वर साधारण २१८० आरपीएम, ४.८८ वर २३३०. दीडशेचाच तर फरक. पण रेशो वाढतो तसा पिनियन (डिफमधला छोटा गिअर, मोठ्या क्राउन गिअरला फिरवणारा) बारीक होतो हेही बघ, ३.७३ ला ११ दात, ४.५६ ला ९, ४.८८ ला ८. पुढचा एक्सल आधीच नाजूक असेल तर मी ४.५६ वरच थांबेन. आणि पुढचा मागचा दोन्ही बदल हां, एकच बदलून फोर व्हील टाकलीस तर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारा डबा) गेलीच समज.

चिखल्या: एक्सल दणकट आहे काका, मग ४.८८. घरी बसवू का?

लो_रेंज: नको! माझ्या पहिल्या वेळी पिनियनची शिम (जागा नेमकी बसवणारी पातळ चकती) चुकली, ६० च्या पुढे अॅक्सिलरेटर सोडला की डिफमधून घोंऽऽ. क्राउनच्या दातांना रंग लावून ठसा दाताच्या मधोमध पडतोय का ते बघणाऱ्याकडेच दे, आणि लॉकर (एक्सलची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा) टाकायचा असेल तर त्याच वेळी टाक, मजुरी एकदाच. पहिल्यांदा वीसेक मिनिटं आरामात चालव, पूर्ण थंड होऊ दे, मग सातआठशे किमी ओढाताण नको, नंतर डिफचं ऑइल बदल.

चिखल्या: आणि मीटर? आत्ता तो १०० दाखवतो तेव्हा जीपीएस १२० सांगतो.

ग्रीसवाले_काका: मीटर गिअरबॉक्सवरून चालत असेल तर ४.८८ नंतर उलट ८ टक्के जास्त दाखवेल, चालान तरी वाचेल 😄 चाकाच्या सेन्सरवर असेल तर रेशो बदलून काही होणार नाही, टायरचा साइज कंप्युटरमध्ये भरावा लागेल.