विनाशिका की फ्रिगेट, ओळखायचं कसं?

शिडाची_दोरी: नौदलाच्या युद्धनौकांत आयएनएस विशाखापट्टणम विनाशिका (डिस्ट्रॉयर) आणि आयएनएस निलगिरी फ्रिगेट, असं का? फोटोत तर दोन्ही सारख्याच दिसतात. टनाची काही हद्द ठरलेली असते का?

गलबतवाला: जगभर चालेल अशी हद्द नाही. विशाखापट्टणम १६३ मीटर, सुमारे ७,४०० टन. निलगिरी १४९ मीटर, साधारण ६,६७० टन. फरक मारक क्षमतेत बघा. विमानविरोधी बराक-८ क्षेपणास्त्रं दोन्हींवर ३२च, पण ब्रह्मोस विशाखापट्टणमवर १६, निलगिरीवर ८. आणि जर्मनीची बाडेन-व्युर्टेमबर्ग ७,००० टनांच्या वर असूनही फ्रिगेटच म्हणवते! जपानची इझुमो तर २४८ मीटरची, सपाट डेकची, तरी कागदोपत्री विनाशिका. तिथे राजकारण आलं.

काठावरचा: फोटोत हुलवरचा (जहाजाच्या बाहेरच्या अंगावरचा) नंबर वाचा, निम्मं काम होतं. डी म्हणजे विनाशिका (विशाखापट्टणम डी ६६), एफ म्हणजे फ्रिगेट (निलगिरी एफ ३३). कॉर्व्हेटला (फ्रिगेटपेक्षा लहान युद्धनौका) मात्र सी नाही, पी असतो. इथेच लोक फसतात: कामोर्टाचा हुल नंबर पी २८ आणि तिच्या प्रकल्पाचं नावही पी-२८.

गलबतवाला: नावावरूनही अंदाज येतो. दिल्ली वर्गापासून (वर्ग म्हणजे एकाच आराखड्याची जहाजं) विनाशिकांना शहरांची नावं: मुंबई, कोची, मुरगाव, सुरत. फ्रिगेटला डोंगररांगा (सह्याद्री, सातपुडा), नद्या (गोमती, बेतवा) किंवा तलवार, त्रिशूल. पण शस्त्रांच्या नावांवर भरवसा ठेवू नका, खुकरी, किरपाण या कॉर्व्हेट होत्या. वर्गाला नाव पहिल्या जहाजाचं, म्हणून सह्याद्री ही शिवालिक वर्गाची.