गाभण घोडीचा खुराक : कोंडा, नेपियर आणि कॅल्शियम, सल्ला हवा

सत्तरीकर
वाळपईकडे आमची काठेवाडी घोडी आहे, वजन अंदाजे 350 किलो. नववा महिना लागलाय, पहिलंच वेत. खुराकात पेंढा, कुळागरातलं (सुपारीच्या बागेतलं) नेपियर गवत, दोन वेळा गव्हाचा कोंडा आणि शिजवलेले कुळीथ. शेजारचे काका म्हणतात, गाईचं मिनरल मिक्स्चर घाल, पुरे झालं. खरंच पुरेल? नाहीतर काय आणू?

पेडण्याची ताई
भाऊ, आधी कोंडा आवरा. कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या आठ-नऊ पट असतो. घोडीला उलटं हवं, म्हणजे फॉस्फरसच्या दीड ते दोन पट कॅल्शियम. त्यात नेपियरमध्ये ऑक्झलेट नावाचं द्रव्य असतं, ते खुराकातलं आहे तेवढं कॅल्शियमही बांधून ठेवतं, मग ते अंगी लागत नाही. मग शरीर हाडांतून ओढतं. घोडी लंगडते, जबड्याची हाडं फुगतात, आणि हे दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

500 किलोच्या घोडीला नवव्या महिन्यापासून रोज साधारण 36 ग्रॅम कॅल्शियम आणि 26 ग्रॅम फॉस्फरस लागतो. तुमच्या घोडीला त्या हिशेबानं 25 आणि 18. दीड किलो वाळलेल्या लसूणघासातून 20 ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळतं, म्हणून मी तोच सुचवेन. कोंडा एकदम तोडू नका, आठ-दहा दिवसांत उतरवत मूठभरावर आणा.

घोडेवाला_डिचोली
ताईंशी सहमत. पण तांबं विसरू नका! घोडीच्या दुधात तांबं फार थोडं असतं. शिंगराला पहिले महिने पुरायची शिदोरी शेवटच्या तीन महिन्यांत पोटातच त्याच्या यकृतात साठते. 500 किलोला रोज 125 मिलिग्रॅम तांबं आणि 400 मिलिग्रॅम जस्त असा हिशेब आहे. रक्तवाढीचं लोहाचं टॉनिक मात्र कुणी कितीही सांगितलं तरी आपल्या मनानं देऊ नका. आपल्या तांबड्या मातीतल्या चाऱ्यातून लोह भरपूर जातं. बोअरच्या पाण्यानं भांडी तांबूस होत असतील तर पाणीही तपासून घ्या.

गाईच्या मिक्स्चरमध्ये कॅल्शियमसोबत फॉस्फरसही असतो, त्यानं कोंड्याचा बिघाड सुधरत नाही. गुरांच्या तयार खाद्यात मोनेन्सिन (गुरांसाठी मिसळतात ते औषध) असेल तर ते घोड्याला विषच. पिशवीवर नीट वाचा. घोड्यांचंच मिक्स्चर घ्या, आणि एकच. दोन एकत्र दिलीत तर सेलेनियम आणि आयोडीन जास्त होतं. जास्त आयोडीननंही शिंगरू गलगंड घेऊन जन्मतं.

सत्तरीकर
दोघांचेही आभार. लसूणघास घाटावरून मागवावा लागेल. पावसात त्याला बुरशी धरली तर?

पेडण्याची ताई
बुरशीचा घास गाभण घोडीपुढे टाकायचाच नाही, झटकूनसुद्धा नाही. तेवढे दिवस खाद्याच्या दर्जाची चुनखडीची पूड ओल्या कुळिथात कालवा. 10 ग्रॅममध्ये पावणेचार ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. पानाला लावायचा चुना नको, तोंड भाजेल. किती ग्रॅम ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या, आणि जाताना सध्याचा सगळा खुराक तोलून, लिहून न्या.

सत्तरीकर
उद्या तराजू काढतो. आकडे इथे टाकेन.