पैसे घेऊन काढलेले फोटो इतिहास म्हणून कितपत धरायचे?

आडवाटेचा (धागाकर्ता)
सिअ‍ॅटल या अमेरिकन शहराच्या जुन्या दिवसांवर काहीही वाचा, असाहेल कर्टिसचे (१८७४–१९४१) फोटो पुरावा म्हणून समोर येतात. मला हे खटकतं. हा गिऱ्हाईक सांगेल ते टिपून देणारा धंदेवाईक फोटोग्राफर. शहराची वस्ती १९०० साली ८०,६७१, आणि १९१० साली २,३७,१९४. अशा फुगणाऱ्या गावात जमिनी विकायच्या तर रुंद रस्ते आणि मागे बर्फाच्छादित माउंट रेनिअर दाखवावाच लागतो. जाहिरातीला जाहिरात म्हणा की!

जुनी काच
शहरातल्या डेनी हिल या टेकडीचे फोटो पाहिलेत का? रस्त्याचा चढ घालवायला टेकडीचा मोठा भाग पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांनी धुऊन काढला आणि चिखल पन्हळींतून इलियट उपसागरात सोडला. ज्या मालकांनी नकार दिला त्यांच्या जागा तेवढ्या उरल्या, मातीचे उंच सुळके होऊन. भोवतीचं सगळं खाली गेलेलं. कर्टिसने हे सुळके टिपलेत. जमीन विकणारा असलं चित्र कशाला मागेल?

आडवाटेचा
का नाही मागणार? सपाटीकरण ही तेव्हाची फुशारकी होती. शहर अभियंता आर. एच. थॉमसन तिचा खंदा पुरस्कर्ता. आज आपल्याला त्या सुळक्यांची कणव येते, पण तेव्हाच्या बघणाऱ्याला ‘हटवादी म्हातारे एकीकडे, प्रगती दुसरीकडे’ असंच दिसलं असणार. शिवाय टेकडी खोदण्याचा खर्च तिथल्याच मालमत्ताधारकांकडून वसूल केला जाई. ती पावती कुठल्या फोटोत दिसते?

दोन भाऊ
धंदेवाईक म्हणजे खोटा आणि कलावंत म्हणजे खरा, असं असेल तर असाहेलचा थोरला भाऊ बघा. एडवर्ड कर्टिस, मूळ अमेरिकन जमातींचे फोटो काढून जगप्रसिद्ध झालेला. पिगन जमातीच्या तंबूतल्या दोन पुरुषांच्या मधोमध एक घड्याळ होतं, ते छापताना त्याने पुसून टाकलं. ‘जुनं जग’ निर्भेळ दिसायला हवं होतं ना! कॅनडातल्या क्लोंडाइकच्या सोन्याच्या धावपळीचे असाहेलने काढलेले फोटोही १८९८ साली एडवर्डच्या नावावर छापून आले, आणि भावाभावांत कायमचं फाटलं. धाकट्याने निदान विजेचे खांब नि तारा चौकटीत राहू दिल्या.

आडवाटेचा
राहू दिल्या, कारण वीज आली हेच तर विकायचं होतं :)

जुनी काच
हे मात्र बरोबर. पण मोठ्या काचेच्या निगेटिव्हमध्ये गिऱ्हाइकाला हवं त्यापेक्षा कितीतरी जास्त येतं. त्याला एक इमारत हवी असते. काच मोठी करून पाहिली की शेजारच्या दुकानाची पाटी, वाळत घातलेले कपडे, कोपऱ्यातला उकिरडा, सगळं दिसतं. हे कुणी मागितलं नव्हतं, म्हणून मला ते जास्त भरवशाचं वाटतं. फक्त गिऱ्हाइकासाठी कातरलेली प्रत न पाहता मूळ काच पाहायची.

आडवाटेचा
शहरापुरतं मान्य. निसर्गदृश्यांत तर अशी पाटीही नसते. असाहेल १९०६ साली स्थापन झालेल्या ‘माउंटेनिअर्स’ या गिर्यारोहण संस्थेच्या संस्थापकांपैकी, आणि रेनिअरपर्यंत रस्ते व्हावेत, पर्यटक यावेत म्हणून धडपडणारा. तोच पुढे ऑलिम्पिक राष्ट्रीय उद्यान मोठं करायच्या विरोधात उभा राहिला. त्याची जंगलं बघताना मी आधी विचारतो, इथून कुणाला काय न्यायचंय?

दोन भाऊ
विचारा. पण डेनी हिलचं पुढे काय झालं तेही बघा. सपाट केलेल्या त्या जागेवर गगनचुंबी व्यापारी पेठ उभी राहील असा डंका होता, प्रत्यक्षात कित्येक दशकं तिथे बुटक्या इमारती नि गाड्यांचे तळ. आश्वासन फसलं हे आज दाखवायला लागतात ते तुमच्या त्या ‘जाहिराती’च.

आडवाटेचा
लागू देत. खाली मथळ्यात पैसे कुणी दिले तेवढं छापा, मग माझी तक्रार नाही.