अनुभव धागा: कुत्रं सशामागं सुटतं आणि रिकामंच परत येतं

माळरान
ऊसतोड लागली की उसातले ससे बाहेर पडतात. काल रायबागकडच्या गायरानात एक मुधोळ जातीचं शिकारी कुत्रं सशामागं सुटलेलं बघितलं आणि जुन्या लोकांच्या पारधीच्या गप्पा आठवल्या. वाघूर, म्हणजे सशाचं जाळं, लावायची, हाकारे द्यायचे, आणि दिवस कलला की मोकळ्या हातानं घरी. एवढं चपळ कुत्रं, तरी ससा सुटतो कसा? ज्यांनी मुधोळ (काहीजण कारवानी म्हणतात) सांभाळलेत त्यांनी लिहा. पळून आल्यावर कुत्र्याचं काय काय बघायचं तेही सांगा.

काळीमाती
वेगानं नाही ओ, वळणानं सुटतो. ससा दोन-तीन किलोचा, मुधोळ पंचवीसच्या आसपास. सरळ रानात कुत्रं गाठतंच. तोंड लागणार एवढ्यात ससा काटकोनात वळतो आणि कुत्रं अंगाच्या भारानं पुढं निघून जातं. ते वळेपर्यंत ससा बांधापलीकडं. असं तीन-चारदा झालं की कुत्र्याचा दम जातो.
दुसरं म्हणजे ही जात नजरेवर पळते, वासावर नाही. ससा उसात शिरला की खेळ संपला. कुत्रं सरीच्या तोंडाशी मान उंच करून उभं राहतं आणि आत जायचं काही नाव घेत नाही.

दूधगंगाकाठ
+१ आणि चढ राहिला की. मागचे पाय लांब असल्यानं ससा चढाला लागतो, तिथं त्याला कोण गाठत नाही. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, त्यामुळं मागून येणारंही दिसतं. आपला ससा बीळ उकरत नाही, गवतात उथळ खळगी करून बसतो. अगदी पायाखाली येईपर्यंत हलत नाही. म्हणून निम्मे ससे तर कुणाला दिसतच नाहीत.

सीमाभाग_वकिली
एक महत्त्वाचं. ससा सुटला म्हणजे आपण सुटलो, असं नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. त्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नव्हे. पाठलाग करणं, हाकणं, फास लावणं, पकडणं आणि यातल्या कशाचाही प्रयत्न, सगळं शिकारीत मोडतं. मुद्दाम कुत्रं सोडणं त्यातच आलं. माळावर नेताना दोरी हातात हवीच.

गुरांचा_डॉक्टर
पळून आल्यावर काय बघायचं, सविस्तर लिहितो.
आधी अंगाचा ताप. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट. 105 च्या वर गेलं की जिवावर येतं. हिरड्या लालभडक, लाळ चिकट, चाल झोकांड्या देणारी, ही खूण. सावलीत घ्या, सगळ्या अंगावर साधं पाणी ओता, पोट आणि जांघा चांगल्या भिजवा, वारा घाला. ओला टॉवेल अंगावर तसाच ठेवू नका, तो गरम होऊन उष्णता आत कोंडतो. 103.5 ला पाणी ओतायचं थांबवा आणि तसंच दवाखान्यात न्या. वरून बरं दिसलं तरी न्या, मूत्रपिंडाचा त्रास मागाहून कळतो.
पळण्याआधी पोटभर घालायचं नाही. छाती खोल असलेल्या जातीत पोट फुगून पीळ बसतो. पोट टणक, उलटीचा प्रयत्न पण बाहेर काही नाही, असं दिसलं तर तासभरही थांबू नका.
आणि माणसाची गोळी, पॅरासिटामॉल असो की आयबुप्रोफेन, अजिबात देऊ नका.

कागवाड_ऊस
डॉक्टर, खुंटांचं सांगा की. तोडलेल्या फडात कुत्रं पळालं की पंजा फाटलाच म्हणून समजा. कोयत्यानं तिरका तोडलेला खुंट सुरीगत असतो, वर पाचट पसरलेलं, दिसतच नाही.

गुरांचा_डॉक्टर
बरोबर. मिठाच्या कोमट पाण्यानं धुवायचं, बोटांच्या बेचक्या उघडून बघायच्या. काटा वर दिसला तर चिमट्यानं सरळ ओढा, मोडून आत राहिला तर उकरत बसू नका. कुसळ जास्त वाईट, ते आत आत सरकतं. कुत्रं एकच पंजा चाटतंय, नाहीतर डोकं एका बाजूला झाडतंय, तर बेचकीत किंवा कानात कुसळ आहे असं धरून चाला.

खानापूरकडची
थोडं वेगळं विचारते. ऊसतोडीत सशाची पिल्लं सापडतात, बायका ओच्यात घालून घरी आणतात. जगतात का ती?

काळीमाती
नाही ताई, सहसा जगत नाहीत. गाईच्या दुधानं पोट बिघडतं. सशाचं पिल्लू जन्मतःच केसाळ, डोळे उघडलेलं असतं. आई दिवसभर जवळ बसत नाही, अंधार पडल्यावर येऊन पाजते. म्हणून ते टाकलेलं वाटतं, पण तसं नसतं. फड तोडायचाच असेल तर जवळच्या बांधावर गवतात ठेवा आणि कुत्री लांब बांधा.

खानापूरकडची
सांगते टोळीतल्या बायकांना. लई उपकार.

दूधगंगाकाठ
कुत्र्याची हौस भागवायची तर ससा लागतच नाही. सायकलची रिम लाकडी चौकटीत बसवा, हँडल लावा, शंभर मीटर नायलॉन दोरी, टोकाला पांढऱ्या प्लास्टिकची पट्टी. एकानं रिम गरागरा फिरवायची, पट्टी जमिनीवरून उड्या मारत येते आणि मुधोळ जीव तोडून पळतं. जागा बिनखुंटाची, बिनदगडाची बघा. सकाळी ऊन चढायच्या आत दोन-तीन फेऱ्या, मध्ये दहा-पंधरा मिनिटं विसावा. वर्षाच्या आतलं पिल्लू असं पळवू नका, हाडं कच्ची असतात.

माळरान
हे झकास! खायला काय घालता? आमच्याकडं ज्वारीची भाकरी आणि ताक.

कागवाड_ऊस
तेवढ्यावर भागत नाही दादा, अंडी आणि मटण पाहिजेच. बरगड्या थोड्या दिसणं या जातीत चालतं, पण पाठीचे मणके वर आले तर कुत्रं उपाशी आहे.
मुधोळजवळ तिम्मापूरला या जातीचं सरकारी संशोधन केंद्र आहे, पिल्लू घ्यायचं तर तिथं चौकशी करा. 2005 साली टपाल खात्यानं मुधोळचं तिकीट काढलं होतं, कुणाकडं असेल तर फोटो टाका.

गुरांचा_डॉक्टर
गोचीड रोज बघा, कानाच्या पाळीत आणि बोटांच्या मध्ये. आणि शस्त्रक्रिया करायची वेळ आली तर जात आधी सांगा. या अंगावर चरबी कमी, काही भुलीची औषधं उतरायला फार वेळ लागतो.

माळरान
शेवटचं एक. साधा पट्टा डोक्यावरून निसटतो, काय करायचं?

दूधगंगाकाठ
डोकं मानेपेक्षा अरुंद, निसटणारच. तीन बोटं रुंद पट्टा घ्या, ओढला की आवळणारा पण ठरावीक मापावर थांबणारा. अथणी-निपाणीत चप्पल शिवणाऱ्या कारागिराला माप द्या, मऊ चामड्याचा शिवून मिळेल. माप कानामागून घ्या, खांद्यापाशी नको.