ट्रेनिंगचा उपयोग झाला की नाही, कसं ठरवता?

आमच्या चाकणच्या प्लांटमधे दर महिन्याला ऑपरेटर लोकांचं ट्रेनिंग होतं, शेवटी फीडबॅक फॉर्म भरून घेतो, सगळे ५ पैकी ५ देतात आणि लाईनवर रिजेक्शन (बाद होणारा माल) मात्र तेवढंच. आता साहेब विचारतायत खर्चाचं काय झालं. नक्की मोजायचं काय?

क्वालिटीवाली: फॉर्मवरून फक्त आवडलं का तेवढंच कळतं हो. कर्कपॅट्रिक नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने १९५९ मधेच चार पायऱ्या सांगितल्यात, आवडलं का, शिकले का, कामात वापरतात का आणि कंपनीला फरक पडला का. तुम्ही पहिलीवरच थांबलात.

मिलिंगवाला: आधीचे ३ महिन्यांचे आकडे काढून ठेवा, आणि जमलं तर एका शिफ्टला आधी ट्रेनिंग द्या दुसरीला नंतर, नाहीतर माल बदलला म्हणून रिजेक्शन कमी झालं की ट्रेनिंगमुळे ते कधीच कळणार नाही.

शिफ्ट सुपरवायझर: महिन्याभराने स्वतः लाईनवर उभं राहून बघा दादा. आमच्याकडे व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) वापरायला छान शिकवलं, पोरं शिकली पण, टेस्टमधे पास झाली, पण अख्ख्या लाईनला व्हर्नियर एकच, तो पण कपाटात कुलपात! दोष पोरांचा नव्हताच.

प्रश्नकर्ता: हे डोक्यातच आलं नव्हतं, उद्याच बघतो आमच्याकडे किती आहेत ते.